कोची येथील प्रेक्षणीय स्थळें व त्यांचा पूर्वेतिहास

जे भाविक वेलांकण्णीच्या यात्रेस जातात, त्यांपैकीं कित्येकजण परततांना कोची शहरही पाहून येतात. वास्को द गामा यास जेथें पुरलें होतें तें देवालय, सांताक्रूझची बॅसिलिका आणि खाडीच्या मुखाशीं उभारलेलीं चिनी जाळीं, इतकें पाहिलें म्हणजे कोची पाहिलें, अशी बहुतेकांची समजूत असते. आणि येतांना मिरीं व वेलदोडे यांच्या पुड्या बरोबर आणल्या म्हणजे प्रवास सफळ झाला. ह्या समजुतीस आमची हरकत एवढीच कीं, ती शहराच्या अर्ध्या भागापुरतीच खरी आहे. फोर्ट कोची ह्या भागांत, जे सत्ता घेऊन आले त्यांचीं स्मारकें आहेत. तेथून पाऊण कोसावर मट्टांचेरी म्हणून जी वस्ती आहे, तींत आश्रय मागत आलेल्यांचीं स्मारकें आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना हा आश्रय पहिल्यांच्या जातभाईंमुळेंच शोधावा लागला होता. पहिलीं पाहून दुसरीं टाळणारा प्रवासी पुस्तकाचें एकच पान वाचून परततो. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांस दोन्हींकडे घेऊन जाणार आहों.

कोची हें बंदर दिसतें तितकें पुरातन नव्हे. ज्या बंदरांत रोमन लोकांचीं गलबतें मिऱ्यांसाठीं येत, तें मुझिरिस बंदर कोचीच्या उत्तरेस, पेरियार नदीच्या मुखाजवळ, कोडुंगल्लूरच्या परिसरांत होतें. इ. स. १३४१ सालीं पेरियारला मोठा पूर येऊन तें मुख गाळानें भरलें व त्याच लोंढ्यानें कोचीजवळ समुद्रास नवी वाट फुटली, असें सामान्यतः मानलें जातें. एका गांवची हानि ती दुसऱ्याचें भाग्य ठरली. व्यापारी इकडे सरकले, त्यांच्या मागोमाग वखारी आल्या, आणि राजानेंही आपलें ठाणें येथें आणलें.

हा राजा मोठा बलिष्ठ होता असें नाहीं. उत्तरेस कालिकतचा सामुरी त्याच्या डोक्यावर बसलेला होता. १५०० सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं काब्राल याचीं पोर्तुगीज गलबतें कोचीस लागलीं तेव्हां सामुरीशीं त्यांचें वैर आधींच जुंपलें होतें, व शत्रूचा शत्रु या नात्यानें कोचीच्या राजानें त्यांचें स्वागत केलें. त्याचें मोल त्यास लौकरच द्यावें लागलें. १५०३ सालीं सामुरीच्या सैन्यानें कोचीवर चाल केली आणि राजास वायपीन बेटावर पळून जावें लागलें. पोर्तुगीज आरमार आलें, राजा पुन्हां गादीवर बसला, आणि त्या उपकाराच्या बदल्यांत अफोन्सो द आल्बुकर्क यानें किल्ला बांधण्याची परवानगी मिळविली. युरोपियनांचा हिंदुस्थानांतील पहिला किल्ला तो हाच. आपल्या मॅन्युएल राजाचें नांव त्यांनीं त्यास दिलें. आज त्याचे कांहीं दगडच काय ते समुद्रकांठीं उरले आहेत. पण वस्तीचें फोर्ट कोची हें नांव मात्र टिकलें.

काब्रालबरोबर फ्रान्सिस्कन मठवासी आले होते. किल्ल्याबरोबरच लांकडाचें एक लहानसें देवालय उभें राहिलें. तें संत बार्थोलोम्यू यास वाहिलेलें होतें. पुढें फ्रान्सिस्कनांनीं त्याच जागीं दगड-विटांचें मंदिर बांधण्यास घेतलें व तें १५१६ सालीं पुरें होऊन संत अंतोनीच्या नांवानें अर्पण झालें. आज ज्यास सेंट फ्रान्सिस चर्च म्हणतात तें हेंच. युरोपियनांनीं हिंदुस्थानांत बांधलेल्या देवालयांपैकीं सर्वांत जुनें म्हणून त्याची ख्याति आहे. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानांत आला तो व्हाइसरॉय होऊन. परंतु थोड्याच महिन्यांत, २४ डिसेंबर १५२४ रोजीं, त्यानें कोचीस देह ठेविला व ह्या मंदिरांत त्याचें दफन झालें. चौदा-पंधरा वर्षांनीं त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेण्यांत आल्या. यास्तव प्रवासी ज्या शिळेभोंवतीं गर्दी करतात तिच्याखालीं आज कांहीं नाहीं. आमच्या मतें त्या शिळेपेक्षां भिंतींकडे पाहावें. जमिनींतून काढून बसविलेल्या थडग्यांच्या शिळा तेथें उभ्या आहेत, पोर्तुगीजांच्या एका भिंतीला आणि डचांच्या समोरच्या भिंतीला. जन्मभर एकमेकांशीं लढलेले हे लोक आतां त्याच छपराखालीं समोरासमोर उभे आहेत. बांकांच्या वर दोरीनें ओढावयाचे कापडी पंखे अजून टांगलेले आहेत. पंखे ओढणाऱ्याचें नांव अर्थात् कोणत्याही शिळेवर नाहीं.

ह्या एका इमारतीनें किती मालक पाहिले हें मनोरंजक आहे. १६६३ पर्यंत ती कॅथोलिक होती. त्या वर्षीं वलंदेजांनीं म्हणजे डचांनीं कोची घेतली आणि मंदिर आपल्या सुधारित पंथाकडे नेलें. १७९५ सालीं इंग्रज आले आणि पुढें १८०४ मध्यें डचांनीं तें अँग्लिकनांच्या स्वाधीन केलें. आज तें चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे, व १९२३ पासून संरक्षित स्मारक आहे. डचांनीं ठेवलेलें बाप्तिस्म्यांचें व विवाहांचें जुनें नोंदणीबुक तेथें जपलेलें आहे.

आतां सांताक्रूझकडे वळूं. १५०५ सालीं, पवित्र क्रूस सांपडल्याच्या सणादिवशीं, पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदा यानें ह्या देवालयाचा पाया घातला आणि म्हणूनच त्यास हें नांव पडलें, असें सांगतात. १५५८ मध्यें पोप चवथे पौल यांनीं कोचीस स्वतंत्र धर्मप्रांत केलें व हें देवालय कॅथीड्रल झालें. मलाक्का व कोची हे दोन्ही धर्मप्रांत त्याच वर्षीं गोव्याच्या आर्चबिशपांच्या छत्राखालीं आले. म्हणजे कोचीचा व आपल्या कोंकण-किनाऱ्याचा धार्मिक कारभार एकाच गांवाहून चालत असे. डचांनीं शहर घेतल्यावर कॅथोलिकांचीं बहुतेक देवालयें व मठ मोडून टाकले. सांताक्रूझ वांचलें तें केवळ दारूगोळा ठेवण्याच्या उपयोगीं पडलें म्हणून. पुढें इंग्रजांनीं तेंही पाडलें. त्याचा एक दगडी खांब हल्लींच्या मंदिराच्या आवारांत एका कोपऱ्यांत उभा केलेला आहे. शेंकडों प्रवासी त्यास पाठ लावून छायाचित्रें काढून घेतात. आपण कशास टेकलों आहों हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे.

हल्लींचें मंदिर बिशप जुआंव गोमिश फेरैरा यांनीं हातीं घेतलें व तें १९०५ च्या नोव्हेंबरांत पवित्र करण्यांत आलें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यास १९८४ मध्यें बॅसिलिकेचा मान दिला. आंतील चित्रें अंतोनिओ मोस्केनी ह्या इटालियन जेझुइट बंधूंचीं आहेत. मंगळूर येथील सेंट अलॉयशियस कॉलेजचें चित्रमय चॅपेल ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना तीच शैली येथें तत्काळ ओळखूं येईल. हें काम करतांनाच मोस्केनींची प्रकृति ढासळली आणि मंदिर पवित्र होण्याच्या अवघे कांहीं दिवस आधीं ते कोचीसच निवर्तले. छतावरील रंग अजून ताजे वाटतात.

समुद्रकांठचीं चिनी जाळीं सर्वांस ठाऊकच आहेत. त्यांविषयीं फार लिहीत नाहीं. दगडांच्या वजनानें तोललेला तो लांकडी सांगाडा चार-सहा माणसें दोर ओढून खालीं-वर करितात. हीं थेट चिनी व्यापाऱ्यांनीं आणलीं कीं पोर्तुगीजांनीं मकावहून, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. बाजारांतली मासळी मात्र हल्लीं बहुशः यांत्रिक होड्यांची असते.

फोर्ट कोचीहून मट्टांचेरीस पायीं जाणें उत्तम. वाटेंत जुन्या वखारी लागतात व सुंठीचा आणि मिऱ्यांचा वास येऊं लागतो. राजवाडा दिसण्यांत साधा आहे. डच पॅलेस हें त्याचें प्रचलित नांव फसवें आहे. तो पोर्तुगीजांनीं १५५५ च्या सुमारास बांधून वीर केरळ वर्मा राजास नजर केला, डचांनीं पुढें फक्त दुरुस्ती केली. परकीयांनीं बांधून दिलेल्या ह्या वाड्याच्या चौकांत राजाची कुलदेवता पळयन्नूर भगवती हिचें देऊळ आहे, आणि शयनगृहाच्या भिंतींवर रामायणांतील प्रसंग रंगविलेले आहेत. केरळी भित्तिचित्रकलेचे इतके उत्तम नमुने दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळतात. चित्रांत रिकामी जागा म्हणून कोठें उरलेली नाहीं. त्यामुळें घाईनें पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं.

ह्या वाड्याच्या देवळाची भिंत व यहुद्यांच्या सिनेगॉगची भिंत एकमेकींस लागून आहेत. केरळांत यहुदी फार प्राचीन काळापासून आहेत. इ. स. १००० च्या सुमारास चेर राजानें जोसेफ रब्बान यास दिलेले सनदेचे ताम्रपट त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपले. सोळाव्या शतकांत ह्या जुन्या यहुद्यांत नव्यांची भर पडली. स्पेन व पोर्तुगाल येथून हांकलून दिलेलीं कुटुंबें देशोदेशीं भटकत मलबारास पोंचलीं. त्यांना परदेशी म्हणत, व १५६८ सालीं बांधलेलें हें परदेशी सिनेगॉग त्यांचेंच. राजानें त्यांस आपल्या वाड्याच्या कुशींत जागा दिली. १६६२ सालीं, डचांचा पक्ष घेतला ह्या रागानें, पोर्तुगीजांनीं ह्या प्रार्थनामंदिराची नासधूस केली. पुढील वर्षीं डचांची सत्ता आल्यावर तें पुन्हां नीट झालें. घड्याळाचा मनोरा १७६० चा असून तो एझेकिएल रहाबी या व्यापाऱ्यानें बांधविला. जमिनीवरील निळ्या-पांढऱ्या फरशा चीनहून आणलेल्या असून हातानें रंगविलेल्या आहेत.

रहाबी हें आडनांव आमच्या वाचकांपैकीं कोणी बेने इस्रायल शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलें असेल. कोंकणांतील ह्या मराठीभाषी समाजास मूळ धर्मविधींची ओळख डेव्हिड रहाबी नांवाच्या पुरुषानें करून दिली अशी त्यांच्यांत परंपरा आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत कोचीचे यहुदी शिक्षक मुंबई व कुलाबा ह्या प्रदेशांत येऊन त्यांना शिकवीत हें तर प्रसिद्धच आहे. १९६८ मध्यें ह्या सिनेगॉगची चारशें वर्षें साजरीं झालीं तेव्हां पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या व टपाल खात्यानें तिकीट काढलें. परंतु त्याआधींच, १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर, बहुतेक कुटुंबें तिकडे निघून गेलीं होतीं. सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात; तेवढे आतां ह्या गल्लींत मिळत नाहींत. इमारत उत्तम राखलेली आहे, झुंबरें लखलखीत आहेत. दोहों बाजूंचीं घरें मात्र जुन्या वस्तूंचीं व गालिचांचीं दुकानें झालीं आहेत. येथें कोणी यहुद्यांस छळून घालविलें नाहीं, ही कोचीची कीर्ति राहील. तरीपण ज्यांच्यासाठीं ही वास्तु उभारली ते निघून गेले म्हणजे तिला काय म्हणावें, हा प्रश्न मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

येथून थोड्या अंतरावर, चेर्लाय भागांत, कोंकणी गौड सारस्वतांची वस्ती व त्यांचें तिरुमल देवस्वम् हें व्यंकटाचलपतीचें मोठें देऊळ आहे. आमच्या धर्मबांधवांपैकीं फारच थोडे तिकडे फिरकतात. आमच्या मतें त्यांनीं मुद्दाम जावें. रस्त्यानें जातांना कानांवर मल्याळमबरोबर कोंकणी पडते, आणि कोंकण-गोव्याच्या मनुष्यास क्षणभर आपण कोठें आहों तें कळत नाहीं. हे लोक येथें कां आले, तें सांगणें आम्हांस प्राप्त आहे. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील व १५६७ मध्यें साष्टींतील हिंदु देवळें पोर्तुगीज अंमलानें मोडविलीं. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. त्या काळांत ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला व ज्यांनीं रात्रींतून देव उचलून घर सोडलें, ते एकाच गांवचे, कित्येकदां एकाच कुळाचे होते. कांहींजण खाडी ओलांडून फोंड्याकडे गेले, कांहीं कारवार-मंगळूरकडे, आणि कांहीं थेट कोचीस. आश्चर्य हें कीं, पोर्तुगीजांपासून पळालेल्यांनीं जेथें चूल मांडली तेथून पोर्तुगीजांचा किल्ला हाकेच्या अंतरावर होता. मधें उभा होता तो कोचीचा राजा. त्याचें सिंहासन पोर्तुगीजांच्या तोफांवर टेकलेलें होतें, तरी त्यानें ह्या लोकांस आश्रय दिला व व्यापाराची मोकळीक दिली.

हें आम्ही लिहितों तें कोणाच्या श्रद्धेस उणेपणा आणण्यासाठीं नव्हे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांनीं ह्याच बंदरांतून पोर्तुगालच्या राजास पत्रें धाडून त्याच्याच अधिकाऱ्यांच्या अन्यायाविरुद्ध तक्रार केली होती. आणि त्याच झेवियरांनीं गोव्यासाठीं इन्क्विझिशन मागितलें होतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सत्याच्या सेवेच्या नांवाखालीं झालेल्या बळजबरीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं रोमच्या वेदीवरून क्षमा मागितली. मग आपण लिहितांना आडपडदा कां ठेवावा? शिवाय निर्वासितांचें नशीब एका राजानें कायमचें पालटतें असेंही नाहीं. १७९१ मध्यें कोचीच्याच शक्तन तंपुरान ह्या राजानें ह्या व्यापाऱ्यांवर घाला घालून देवस्थान लुटलें, तेव्हां भक्त मूर्ति घेऊन त्रावणकोरांत अलप्पुळेस गेले. ती परत यावयास साठेक वर्षें लागलीं.

ह्याच कोंकणी वस्तीचा एक पराक्रम मात्र आम्हांस अत्यंत प्रिय आहे. १६७० ते १६७७ ह्या काळांत कोचीस हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड हा डच अधिकारी होता. मलबारांतील वनस्पतींचा एक महाग्रंथ करावा असें त्याच्या मनानें घेतलें. हॉर्टुस मलबारिकुस ह्या नांवानें तो बारा खंडांत, १६७८ ते १६९३ ह्या वर्षांत, ॲमस्टरडॅम येथें छापून निघाला. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचीं वर्णनें आहेत. पण ज्ञान कोणाचें? आरंभीचें बरेंच काम मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ ह्या इटालियन कार्मेलाइट साधूचें. झाडपाल्याचे गुणधर्म सांगितले ते इट्टी अच्युतन् ह्या एळव वैद्यानें, आणि ते पडताळून पाहिले रंग भट, विनायक पंडित व आपू भट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मणांनीं. ज्या डचांनीं कॅथोलिकांचे मठ मोडले, त्यांच्याच अधिकाऱ्याच्या हाताखालीं एक कॅथोलिक साधु, एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक, एक वैद्य व तीन भट एकत्र बसून पानें-फुलें तपासीत होते! तिघां भटांनीं दिलेलें प्रमाणपत्र २० एप्रिल १६७५ चें असून तें कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे. पहिल्या खंडांत तें जसेंच्या तसें कोरून छापलें आहे. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण त्याच्या बासष्ट वर्षें आधीं, १६१६ मध्यें, रायतूर येथें छापलें गेलें तें रोमन लिपींत. आपल्या किनाऱ्याचीं ओळखीचीं अक्षरें युरोपच्या छापील पानावर इतक्या लौकर उमटलीं तीं कोचीच्या ह्या निर्वासितांच्या हातचीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ह्या ग्रंथाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर व्हावयास २००३ साल उजाडलें, तें के. एस. मणिलाल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं केलें.

मट्टांचेरींतच कुनन कुरिशु म्हणजे वांकड्या क्रूसाचें देवालय आहे. सेंट थॉमस ख्रिस्ती हे पोर्तुगीज येण्याच्या शेंकडों वर्षें आधींपासून केरळांत आहेत व त्यांची उपासना सिरियाक भाषेंत चाले. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनीं जून १५९९ मध्यें उदयंपेरूर येथें परिषद भरवून त्यांस लॅटिन शिस्त लाविली. कित्येक जुने ग्रंथ तेव्हां जाळले गेले. मनांतली सल वाढत राहिली. १६५२ मध्यें पूर्वेकडून आलेला अहत्तल्ला नांवाचा बिशप पोर्तुगीजांनीं पकडून गोव्याकडे पाठविला व कोचीस जहाज थांबलें असतां लोकांस त्याची भेट होऊं दिली नाहीं. त्यास समुद्रांत बुडविलें अशी आवई उठली, आणि ३ जानेवारी १६५३ रोजीं हजारों लोकांनीं मट्टांचेरीस क्रूसापुढें शपथ घेतली कीं, ह्यापुढें जेझुइटांची आज्ञा मानणार नाहीं. सर्वांचा हात क्रूसास पोंचेना म्हणून दोर बांधले व त्या ओढीनें क्रूस वांकला, अशी कथा आहे. रोमनें कार्मेलाइट पाठवून पुष्कळांस परत आणलें, सर्वांस नाहीं. परके येऊन मोडतात तें पुन्हां बांधतां येतें, पण घरांतल्या माणसांनीं एकमेकांचें ऐकून न घेतल्यानें पडलेली ही फूट अद्याप सांधलेली नाहीं.

बोलगट्टीचा डच वाडा (१७४४) व त्रिपुणितुरा येथील हिल पॅलेस हीं स्थळें वेळ असल्यास पाहावीं. विलिंग्डन बेट हें तर मनुष्यकृत आहे. रॉबर्ट ब्रिस्टो ह्या इंजिनियरनें १९२० नंतर खाडीच्या मुखाशीं असलेला वाळूचा बांध कापून काढला व तोच गाळ टाकून हें बेट तयार केलें. २६ मे १९२८ रोजीं मुंबईहून निघालेली पद्मा बोट आंतील बंदरांत प्रथम शिरली.

वल्लारपाडम बेटावर मुक्तिदायिनी मातेचें देवालय आहे. पोर्तुगीजांनीं १५२४ सालीं स्थापिलेलें मूळ मंदिर १६७६ च्या महापुरांत वाहून गेलें. पवित्र मातेचें चित्र पाण्यावर तरंगत असलेलें कोचीच्या राजाचा दिवाण पालियत रामन वलियच्चन् यानें पाहिलें व बाहेर काढविलें. नव्या मंदिरासाठीं जमीन त्यानेंच दिली, आणि वेदीसमोर टांगण्यास एक दिवाही दिला. हा हिंदु दिवाणाचा दिवा अद्याप तेवत ठेवलेला आहे. सप्टेंबरांत २४ तारखेस येथें मोठा उत्सव भरतो. नवस फेडण्याची येथील रीत आगळी आहे: भक्त हातीं केरसुणी घेऊन देवळाचें अंगण झाडतात, व त्यांत ख्रिस्ती तेवढेच असतात असें नाहीं. पूर्वीं होडीवांचून तेथें जातां येत नसे. २००४ पासून पूल झाले असल्यानें एर्नाकुलमहून गाडी थेट दारापर्यंत जाते.